यमनाबाईचं बोट आणि माझं

जीपचं दार लागलं, पण नीट लागलं नाही. कारण मध्ये माझं बोट होतं. काशिनाथ ड्रायव्हर कामाला चोख माणूस. दार नीट लागलं नाही म्हटल्यावर त्याने ते पुन्हा एकदा जोरात लावून बघितलं.

"साहेब, बोलायचं ना," तो नंतर म्हणाला.

मी बोलतच होतो. फक्त ते शब्द त्याने माझ्या तोंडून आधी कधी ऐकले नव्हते.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मोखाडा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर मी मेडिकल ऑफिसर होतो. सूर्यमाळच्या बाजूला लसीकरणाचा कॅम्प करून आम्ही परत निघालो होतो. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट. केंद्रावर पोचेपर्यंत नख जांभळं-काळं झालं आणि बोटात घण पडायला लागले.

नखाखाली रक्त साचलं की त्याला बाहेर पडायला वाट नसते. ते आतून दाबत राहतं, म्हणून ठणका. उपाय सोपा आहे. टाचणी स्पिरिटच्या दिव्यावर लाल करायची आणि नखाला भोक पाडायचं. नखाला संवेदना नसते. रक्त बाहेर येतं, ठणका थांबतो. असं मी कितीतरी लोकांना केलं होतं आणि प्रत्येकाला सांगितलं होतं की काही दुखत नाही.

आमच्या लोपीस सिस्टर वसईच्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. त्यांनी टाचणी तापवली.

"इकडे बघायचं नाही, साहेब. भिंतीवरचा तक्ता मोठ्याने वाचा."

हे माझंच वाक्य होतं. तक्ता कुटुंबनियोजनाचा होता आणि माझं लग्न व्हायचं होतं. तरी मी वाचला. दुसऱ्या ओळीला रक्ताची चिळकांडी उडाली आणि ठणका गेला. खरंच दुखलं नाही. पण टाचणी जवळ येताना जे होतं त्याला काय म्हणायचं, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खरी भानगड कळली. बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबत होतं. मी मनात कितीही जोर लावला तरी ते वर येईना. पेर वर उचलणारी एक बारीक दोरी बोटाच्या पाठीवरून जाते. तिला टेंडन म्हणतात. ती टोकाशी तुटली होती. जव्हारला जाऊन एक्स-रे काढला, तर दोरीबरोबर हाडाचा कपचाही निघालेला.

तिथले सीनियर सर्जन फिल्म उजेडाला धरून म्हणाले, "सहा आठवडे स्प्लिंट. पेर एकदाही वाकता कामा नये. वाकलं तर?"

"पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं, सर."

"आणि बोट वाकडं राहिलं तर टाक्यांच्या गाठी पायाने मारणार का?"

"नाही, सर."

स्प्लिंट म्हणजे बोट सरळ धरून ठेवणारी पट्टी. आमच्याकडे ती घसा बघताना जीभ दाबायच्या लाकडी पट्टीची असे. आणि गंमत म्हणजे, पाचच दिवसांपूर्वी मी अगदी तशीच पट्टी यमनाबाईच्या बोटाला बांधली होती.

यमनाबाई सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावरची, पन्नाशीची. लाकडाची मोळी आवळताना हिसका बसला आणि तिच्या बोटाचं टोक असंच लोंबायला लागलं. पावसात भाताची लावणी करायची तर बोटं धड हवीत, म्हणून ती डोंगर उतरून आली होती. मी तिला भरपूर लेक्चर दिलं होतं. आंघोळीला काढायची नाही, भांड्याला काढायची नाही, खाज आली तरी काढायची नाही. तुम्ही लोक ऐकत नाही, हेही ऐकवलं होतं.

आठवड्याने ती तपासायला आली. माझा हात बघून थांबली.

"तुजा पण बोट गेला का, डागदर?" ती सगळ्यांनाच अरे-तुरे करायची.

"हो."

"मोळी बांधत होतास?"

लोपीस सिस्टरना एकदम खोकला आला.

यमनाबाईच्या हाताला मी दिलेली पट्टी नव्हती. ती भिजून फुगली म्हणून तिच्या नवऱ्याने बांबूची कामटी तासून, बोटाच्या आकाराला घासून नवी केली होती. माझ्या पट्टीपेक्षा ती शंभरपट बरी होती. पुढच्या खेपेला तिने माझ्यासाठीही एक आणली. सिस्टरनी आमचे दोन्ही हात टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "बघू आता, कोणाचं सरळ होतं."

आता मला एक कबुली द्यायची आहे. फॉरेस्टच्या रेंजरसाहेबांकडे कॅरम होता. मोखाड्यात संध्याकाळी दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बांबू बांधलेल्या बोटाने स्ट्रायकर मारता येत नाही आणि डाव्या हाताने मी सलग चार दिवस हरलो होतो. पाचव्या दिवशी पट्टी काढली. फक्त एका बोर्डापुरती. मी डॉक्टर आहे, मला कळतं किती चालतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग रोजच सांगायला लागलो.

चौथ्या आठवड्यात यमनाबाईने माझा पट्टी बांधलेला हात उलटापालटा करून बघितला.

"काढत नाहीस ना रं?"

"छे."

"मग ही भुकटी कसली?"

कामटीच्या कडेला पांढरी बोरिक पावडर होती. बोर्डावर सोंगट्या घसराव्यात म्हणून टाकतात ती. दवाखान्यातूनच नेलेली.

"ते साहेबांचं औषध आहे," सिस्टर म्हणाल्या. "संध्याकाळी घेतात."

सहा आठवडे झाले त्या दिवशी यमनाबाईची पट्टी मी सोडली. आतली कातडी पांढरी, सुरकुतलेली. म्हणजे तिला खरंच वारा लागला नव्हता. मी म्हटलं, "हळूच उचल." पेर वर आलं. सरळ, रुळासारखं.

"आता तुजा," ती म्हणाली.

"माझे अजून पाच दिवस आहेत."

"साहेब, रोज संध्याकाळी निघतेच ना," सिस्टर म्हणाल्या. "आज सकाळी काढा."

काढली. पेर लोंबलं. दोघींनी वाकून ते नीट बघितलं. त्यापेक्षा हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी यमनाबाईला विचारलं, उन्हाळ्याचे दिवस, खाली झऱ्यावरून पाणी आणायचं, भाकरी, लाकडं, हे सगळं सांभाळून तिने जमवलं कसं?

"मी कुठं काय केला," ती म्हणाली. "नवऱ्याला सांगितला, डागदर म्हनतो सा आठवडं पानी तू भर. आन बोट एकदा वाकला, तर परत पैल्यापासून सा आठवडं. मंग तोच बसतो बोट धरून. माज्यापेक्षा त्यालाच काळजी."

नवरा बाहेर ओट्यावर बसला होता. खांद्यावर हंड्याच्या कावडीचा वळ.

मी तिला सांगितलं, आता दिवसा मोकळं ठेव, पण आणखी दोन आठवडे रात्री पट्टी बांधून झोप. तिने दारातून नवऱ्याकडे बघितलं.

"हा त्याला तू सांग," ती म्हणाली. "पन दिवसाचा नको सांगू."

मी बाहेर गेलो आणि त्याला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "अजून दोन आठवडे पट्टी बांधावी लागेल." खोटं काहीच नव्हतं. त्याने मान खाली घातली, कामटी तपासली आणि ती घट्ट बसते ना ते बघितलं.

माझे पुन्हा पहिल्या दिवसापासून सहा आणि रात्रीचे दोन, असे आठ आठवडे गेले. जव्हारच्या सरांनी तेव्हा काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोट बरंचसं उठलं, पण पूर्ण नाही. टाक्यांच्या गाठी मारता आल्या, नोकरी निभावली. टोक मात्र आजही थोडं वाकून असतं, कोणाला तरी नमस्कार केल्यासारखं.

पुढे पंचवीस वर्षं बोटाचा पेशंट आला की मी लेक्चर दिलं नाही. एवढंच विचारलं, "ही पट्टी काढलीत, तर घरात त्रास कोणाला होईल?" ज्याचं नाव येई त्याला आत बोलवायचं आणि सूचना त्यालाच द्यायच्या. पेशंट एकटा राहणारा असला, आणि त्यातही डॉक्टर असला, तर फार आशा ठेवायची नाही.