बापाचा डगला

तिला सगळे जुनी मावशी म्हणायचे. वयामुळे नव्हे, कामामुळे. सिनेमाचे कोरे कपडे घासायचे, चहाच्या पाण्यात बुडवायचे आणि वर्षानुवर्षं वापरल्यासारखे करून द्यायचे, हा तिचा धंदा. नवं कापड दिसलं की बाईचे हात शिवशिवायचे. त्याच हातांनी काल तिचा घात केला होता.

सिनेमा दूरच्या ताऱ्यांवरल्या युद्धांचा, त्यातला हा तिसरा भाग. पण ती अंतराळयानं बाजूला सारली तर आत काय? गादीवरचा आंधळा बाप आणि भावाभावांचं वैर, दुसरं काय असणार! दिग्दर्शक साहेब पुराणं आणि इतिहासाची पुस्तकं उशाशी घेऊनच झोपायचे. धाकट्या राजपुत्रासाठी शिंप्याने दोन सारखे डगले शिवले होते. एक तो मरतो तेव्हाचा. तो विटवून त्याच्या छातीवर मावशीने स्वतः जाळून भोक पाडलं होतं आणि तो प्रसंग चित्रित होऊनही गेला होता. सिनेमात मरण आधी, निघणं नंतर, असं खुशाल चालतं. दुसरा डगला युद्धाला निघतानाचा, म्हणून कोराकरकरीत. काल संध्याकाळी आपल्या पोराच्या काळजीत बसल्या बसल्या तिने तोच मांडीवर ओढला आणि पॉलिश पेपरने कॉलर, कोपरं पार विटवून टाकली.

"मावशी, हे काय करून बसलात?" शिंपी पुटपुटला. "नवा शिवायला कापड नाही. साहेब घरी बसवतील तुम्हाला."

मागे एक मुकुट बिघडवला तेव्हाच साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा चूक झाली तर काम बंद. तेवढ्यात साहेब आलेच. त्यांनी डगला उचलून उजेडात धरला.

"हा निघतानाचा ना?"

"हो साहेब."

"मग विटलेला का?"

ती बोलून गेली, "बापाचा आहे. पूर्वी लढाईला निघालेल्या मुलाच्या अंगावर आई बापाचा डगला घालायची. म्हणजे बाप सोबत जातो."

"कुठल्या पुराणात आहे हे?"

"इतिहासात आहे," तिने ठोकून दिलं. "पुस्तकाचं नाव काही आठवत नाही."

साहेब बराच वेळ कॉलरवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "झकास. आईच घालेल त्याला. चला, कामाला लागा."

मावशी स्टुलावर बसली. सुटली एकदाची. कसलं पुराण आणि कसला इतिहास! जहाजावर पहिल्यांदाच नोकरीला निघालेल्या पोराच्या अंगावर तिनेच त्याच्या वारलेल्या बापाचा कोट चढवला होता, नेमकं हेच बोलून.

समोर खुंटीवर मरणाचा डगला लटकत होता. सिनेमात दोन्ही मिळून डगला एकच, म्हणजे आता तोही बापाचाच झाला होता. छातीवरच्या भोकातून मागची भिंत दिसत होती.

तिने फोन लावला. पोराचं जहाज संध्याकाळी बंदरातून सुटायचं होतं.

"कोट घातलायस का रे?"

"हो. का गं आई?"

"काढ तो. देऊन टाक कुणाला तरी."

"बाबांचा कोट? अगं, समुद्रावर थंडी असते."

"वाजू दे थंडी. आधी काढ, मग बोल माझ्याशी."