सासऱ्यांची रायफल

लेम्पी कांगासचा सहसा कुणावर विश्वास बसत नसे. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची सारी नोकरी झाली. पिठाचं पोतं आलं की ती आधी काट्यावर चढवी, मगच पावतीवर सही करी. नवरा आर्वो म्हणायचा, "मी मेल्यावरसुद्धा ही शवपेटी उघडून बघेल, आत मीच आहे ना म्हणून." तसं तिनं बघितलंही.

आर्वो वसंतात गेला. थोड्याच दिवसांत धाकटा दीर रेनो दारात हजर. कॉफी झाली, वेलचीचा गोड पाव झाला, आणि मग सहज सुचल्यासारखं करून तो म्हणाला, "बाबांची रायफल मला देतेस का? आठशे डॉलर देतो."

लेम्पीचे कान टवकारले. रेनो म्हणजे सॉनाला, वाफेच्या न्हाणीला, लागणारी लाकडंसुद्धा उसनी नेणारा माणूस. तो आपणहून आठशे काढतोय, म्हणजे वस्तू कितीतरी जास्तीची असणार.

"बघते," ती म्हणाली.

रायफल स्वयंपाकघराच्या दारावर टांगलेली होती. सासऱ्यांनी, एइनोंनी, लोखंडाच्या खाणीतल्या पहिल्या पगारातून ती अठ्ठेचाळीस साली घेतली होती. दर नोव्हेंबरात, हरणाची शिकार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, आर्वो ती खाली काढी आणि ही हकिकत सगळ्यांना ऐकवी.

आपल्या गावात बोभाटा नको म्हणून लेम्पीनं रायफल गोधडीत गुंडाळली आणि शेजारच्या गावी ड्वेन ट्रेम्ब्लेच्या बंदुकांच्या दुकानात नेली. रायफलीवर कोरलेल्या नंबरावरून लोक फसवतात असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली होती. आपलं नाव आणि रायफल सासऱ्यांची, एवढंच तिनं सांगितलं.

ड्वेननं आधी गोळीचा कप्पा उघडून आत गोळी नाही ना ते पाहिलं. लाकूड निरखलं, नळीत उजेड धरून पाहिलं. मग म्हणाला, "पट्टी काढू का? नंबर दिसल्याशिवाय साल कसं सांगणार?"

"काढा. पण लिहून घ्यायचा नाही."

त्यानं नंबर वाचला, जाड पुस्तकात शोधला. "तुमचे सासरे कधी वारले?"

"सहासष्टला. का?"

"ही एकाहत्तरची आहे, मिसेस कांगास. चौसष्टला कंपनीनं घडण बदलली. त्याआधीच्या रायफलींना मागणी असते. हिचे दोनशे येतील."

लेम्पीनं रायफल पुन्हा गोधडीत गुंडाळली. स्वस्तात लाटायचा डाव, दुसरं काय. ती तशीच गाडी हाकत मोठ्या गावातल्या दुसऱ्या दुकानात गेली. तिथल्या म्हाताऱ्याला तिनं सासऱ्यांचं नावही सांगितलं नाही. तोही म्हणाला, एकाहत्तर, दोनशे.

परतताना तिच्या डोक्यात एकच चक्र. आर्वो दवाखान्यात होता तेव्हा घराची किल्ली रेनोकडे होती. त्यानंच बदलली. आणि आता आठशेची गोष्ट काढून साळसूदपणाचं नाटक.

रेनो अंगणात लाकडं फोडत होता.

"खरी रायफल कुठंय?" तिनं गाडीतूनच विचारलं.

"कुठली खरी?"

"शेरीफकडे जायच्या आधी विचारतेय."

रेनोनं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. बराच वेळ हातमोजे काढत राहिला. "तळ्यात आहे," तो म्हणाला. "आम्ही दोघं प्यायलो होतो. होडीत मी उभा राहिलो आणि होडी उलटली. आम्ही वर आलो, ती नाही आली. आई हयात होती तेव्हा. तिनं आम्हाला परत तळ्यात घातलं असतं. म्हणून आर्वोनं तसलीच एक जुनी आणून टांगली."

"आणि हे आठशे?"

"दुसऱ्या कुणाला विकलीस तर तो नंबर बघणार. दोनशे म्हटलं असतं, तर तू त्याच दिवशी चौकशीला निघाली असतीस."

हे मात्र खरं होतं. रायफलीचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण इतकी वर्षं आर्वो टेबलाशी बसून तिच्या डोळ्यांत बघत पहिल्या पगाराची गोष्ट सांगत होता. पोतं मोजणाऱ्या बाईला एकदाही शंका आली नाही.

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तू तळं उपसून खात्री केली असतीस."

तिला हसू आलं आणि रागही आला. "आणखी काय काय आहे असलं?"

"काही नाही," रेनो म्हणाला. जरा लवकरच म्हणाला, असं तिला वाटलं.

त्या उन्हाळ्यात तिनं आर्वोचे सगळे खण, कोटांचे खिसे, गॅरेजमधले डबे तपासले. गळ सापडले, एक दात सापडला, आक्षेप घ्यावा असं काही सापडलं नाही. तरी समाधान झालं नाही. शरदात रायफल तिनं रेनोलाच दिली, दोनशेला. तो आठशे देत होता. तिनं घेतले नाहीत.

नोव्हेंबरात रेनो हरणाची एक तंगडी घेऊन आला. लेम्पीनं वर गुंडाळलेला कागद उलगडून मांस उलटंपालटं करून पाहिलं.

"तूच मारलंस?" तिनं विचारलं.