पाणी कोमट आहे का?

डॉक्टरबाईंनी गुडघ्याखाली हातोडी मारली, पण माझा पाय हलला नाही. बाईंना बरं वाटावं म्हणून पुढच्या वेळी मी स्वतःच पाय उडवला. जरा घाई झाली. हातोडी अजून हवेतच होती.

"तुम्ही मदत करू नका," त्या म्हणाल्या. "मला रिफ्लेक्स बघायचाय, तुमचा चांगुलपणा नाही."

रिफ्लेक्स म्हणजे आपल्याला न विचारता शरीर देतं ते उत्तर. माझ्या दोन्ही पायांनी ते देणं बंद केलं होतं. निदान झालं: जीबीएस, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. अशक्तपणा पायांतून सुरू होतो आणि वर चढतो.

"छातीपर्यंत पोचला तर श्वास थकतो," बाई म्हणाल्या. "एका दमात आकडे मोजा."

मी सत्तावीसपर्यंत गेलो.

"रोज मोजायचे. दहाच्या खाली आलात तर नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल."

कसब्यात माझं बाइंडिंगचं दुकान आहे, पण वस्तीत मला ओळखतात ते दुसऱ्याच कामामुळे. आमच्यात मय्यतला आंघोळ घालणं, म्हणजे घुस्ल, ही साऱ्या वस्तीवरची जबाबदारी असते. चौघांनी पार पाडली की सगळ्यांची फिटते. वीस वर्षं त्या चौघांत मी आहे. कोमट पाणी, बोरीचा पाला, शेवटी कापूर. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत चादर. उजवी बाजू आधी. जे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही. या खिदमतीचा मी कधी पैसा घेतला नाही. मान मात्र भरपूर घेतला.

दवाखान्यात येण्याच्या चार दिवस आधी असंच एकाला आंघोळ घालताना माझ्या हातून तांब्या सुटला, थेट त्याच्या छातीवर. पायांना, बोटांना मुंग्या येतच होत्या. वय झालं म्हणून मी गप्प बसलो. वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: मुंग्या वर चढायला लागल्या, रोजचा जिना जड वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मी चार दिवस शहाणपणात घालवले.

लंबर पंक्चर केलं, म्हणजे पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं. मग शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं. हजारो दात्यांच्या रक्तातून वेगळी काढलेली ही संरक्षक द्रव्यं. कुणाकुणाचं रक्त होतं, अल्लाला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी एकोणीस. चौथ्या दिवशी चौदा. हात उचलेनात.

माझ्या बायकोला, शमीमला, आयसीयूत दहा मिनिटं सोडायचे. त्यातली पाच मी माझ्याच घुस्लच्या तयारीत घालवली. "याकूबला बोलाव," मी सांगत होतो. याकूब आमच्या चौघांतला. "पण पाणी त्याला तापवू देऊ नकोस. तो घाईचा आहे."

"झालं सांगून?" ती म्हणाली. "आता आकडे मोजा."

पाचव्या दिवशी सकाळी बबनमामा आले. वॉर्डातले मामा, मूळचे वर्ध्याकडचे, साठीला टेकलेले. स्पंज बाथ, म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं. त्यांनी चादर नीट केली, मला डाव्या कुशीवर वळवलं आणि उजव्या खांद्यापासून सुरुवात केली.

तो क्रम माझा होता. मानेखाली हात कसा घालायचा, तेही मला पाठ होतं. मला वाटलं, संपलं. मी मेलोय आणि कुणी मला सांगितलेलं नाही. ओरडायला गेलो तर श्वास पुरेना. डोळ्यांतलं पाणी उशीत गेलं.

मामा थांबले. "काहून घाबरता जी? पाणी थंड हाय का?"

"हो," एवढंच निघालं.

त्यांनी पाणी बदलून आणलं. ओलं बोट आधी माझ्या गालाला टेकवलं. "आता?"

वीस वर्षांत हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. बाइंडिंगवाल्याच्या राठ हाताला जे कोमट, ते कोमट. माझी माणसं तक्रार करत नव्हती.

एक माणूस करू शकला असता. माझे वडील, घरात सगळे त्यांना अब्बाजी म्हणत. लकव्याने दोन वर्षं अंथरुणावर होते. त्यांना भरवणं, हातपाय धुणं, चादरी बदलणं, सगळं शमीमने केलं. मला वेळ नव्हता. मी खिदमतीत होतो. ते गेले तेव्हा शेवटची आंघोळ मी घातली. असा मुलगा मिळायला नशीब लागतं, लोक म्हणाले. मी नम्रपणे मान खाली घातली होती. आता ती मान उशीवरून उचलवत नव्हती.

अकरा. दुसऱ्या दिवशीही अकरा. नळीचा ट्रे पलंगाशेजारी झाकून ठेवला होता. दुआ मागायचीसुद्धा भीती वाटे, श्वास खर्च होईल म्हणून. सकाळी मामा यायचे, गालाला बोट टेकवून "आता?" विचारायचे. मी रात्रभर त्या प्रश्नाची वाट बघायचो. ज्याला विचारतात तो जिवंत असतो.

नवव्या दिवशी तेरा. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. ट्रे मात्र न्यायला लावला.

पुढे तीन महिने फिजिओथेरपी झाली, म्हणजे वयाच्या बावन्नाव्या वर्षी उभं राहायला शिकलो. वॉकर घेऊन मामांना भेटायला गेलो, खजुराचा डबा नेला. "चालत आले ना जी," ते म्हणाले, "मंग झालं."

गेल्या आठवड्यात शमीमच्या टाचा दुखत होत्या. मी बादली पायाने सरकवत नेली, अर्धं पाणी फरशीवर सांडलं. तिच्यासमोर स्टुलावर बसलो, ओलं बोट तिच्या पोटरीला टेकवलं आणि विचारलं, पाणी कोमट आहे का?

तिने पाय बादलीत सोडले.

"मला ठीक आहे," ती म्हणाली. "अब्बाजींना याहून जरा गरम लागायचं."