पैनगंगा ते गोदावरी

आदिलाबादहून हैदराबादला जायचं तर बस गुडीहत्नूरवरून सरळ दक्षिणेला जाते आणि सात-आठ तासांत पोचवते. आम्ही मात्र आधी पाच तास उत्तरेला, नागपूरला गेलो. तिथून विमानात बसलो, आपल्याच जिल्ह्यावरून उडत हैदराबादला जायला. अख्ख्या गल्लीनं या द्राविडी प्राणायामाला हसून घेतलं. आई म्हणाली, "हैदराबाद तिकडं, अन् तुमी इकडं काऊन चालले?"

हट्ट बाबांचा होता. ते मोजणी खात्यात होते. आंध्र प्रदेशची ती वर्षं. कागद तेलुगूत चालायचे, पण मोजणीला बाबांच्या तोंडी निजामाच्या वेळची 'पैमाइश'च राहिली. तीस वर्षं साखळी घेऊन त्यांनी जिल्हा पायी पालथा घातला, एकेक बांध, एकेक शीव. निवृत्तीनंतर एक डोळा गेला. दुसऱ्याचं ऑपरेशन हैदराबादला ठरलं, पण नजर राहीलच असा शब्द डॉक्टरांनी दिला नाही.

"तुकडे तुकडे पाह्यला म्या जिल्हा," बाबा म्हणाले. "एकडाव सबंध पाहू दे."

मी तेव्हा नुकतीच बँकेत लागले होते. मी तिकिटं काढली.

नागपूर ते हैदराबाद विमानाला जेमतेम तास लागतो. बाबांनी काचेला नाक लावलं ते काढलंच नाही. थोड्या वेळानं खाली नदी आली. "पैनगंगा आली, बाबा," मी म्हटलं.

"एवढ्यात कशी येईन? ही वर्धा असन. थांब जरा."

खरंच, पाठोपाठ दुसरी नदी आली, आमच्या जिल्ह्याची उत्तरेकडची शीव. मी सांगताच बाबांनी वाकून चपला काढल्या. मोजणीला नव्या गावात शिरताना शिवेवर पायताण उतरवायची त्यांची रीत होती. पलीकडच्या सीटवरचा माणूस बघत राहिला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दिसून राह्यलं का, बाबा?"

"नुसतं पांढरं दिसते. तू सांग."

याच्यासाठीच तर आलो होतो. मी खाली पाहिलं, पण माझे धड डोळे असून मला काही ओळखू येईना. मग बाबाच बोलू लागले.

"आता काळी रानं असतीन, लांबट पट्ट्याची."

होती.

"आता चढ लागन. डोंगर, अन् सागाचं जंगल."

ते बोलायचे आणि क्षणभरानं ते खाली यायचं. "पाणी चमकन आता, कडमचा तलाव," म्हणाले, आणि पाणी चमकलं. मी ज्या जिल्ह्यात जन्मले तो मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसत होता, आणि दाखवत होते ते.

मग मोठं, रुंद पात्र आलं. "गोदावरी," मी म्हटलं. "संपला जिल्हा."

"पैनगंगेपासून किती मिनिटं लागले?"

मी घड्याळ पाहून "नऊ" म्हटलं आणि जीभ चावली. माणसाची तीस वर्षं, आणि मी नऊ मिनिटांत आटोपून टाकली होती.

बाबा मागे टेकले. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

"इमानाला बी नऊ मिनिटं लागले?" ते म्हणाले. "लय मोठा हाय व माय आपला जिल्हा! अन् म्या तो पायी मोजला."