आमच्या वायफायवर तुझी घाण

गल्लीवाल्यांनो, नीट वाचा.

आज सकाळी पोलिसांनी आमच्या आण्णांना, माझ्या वडिलांना, ठाण्यात नेलं. कुणीतरी खोट्या अकाउंटवरून कोरेगावच्या एका शिक्षिकेला घाण मेसेज पाठवले आणि त्याचा आयपी ॲड्रेस आमच्या घरचा निघाला.

आयपी ॲड्रेसवरून कनेक्शन कुणाचं ते कळतं, मोबाईल कुणाच्या हातात होता ते नाही. कनेक्शन आण्णांच्या नावावर आहे.

"पाणी आन् वायफाय कुणाला न्हाई म्हनू न्हाई," म्हणत या रिटायर्ड सुभेदारानं आख्ख्या गल्लीला पासवर्ड वाटला होता. आज ते जीपमध्ये बसताना तीच गल्ली दारं लावून खिडकीतनं बघत होती.

पासवर्ड मी मुद्दामच जुनाच ठेवलाय. म्हणजे, घाण मेसेज पाठवणाऱ्या, ही पोस्टसुद्धा तू आमच्याच वायफायवर वाचतोयस.

आण्णा अजून ठाण्यातच आहेत. तू कवा जातोस?