हनुक्काची सहावी वात

फ्लोरा झिराडकर हे नाव ऐकलं की हिंगणीत कुणीही डोळे मिटून सांगे, बाई ख्रिश्चन आहेत. डिसेंबर सरता सरता सगळी शाळा त्यांना नाताळाच्या शुभेच्छा देई, आणि बाई हसून घेत. दर वेळी समजावत बसणार कोण? वडील रेल्वेच्या नोकरीपायी कोकणातून वर्ध्याला आले, इथलेच झाले. ज्यू म्हणजे काय, हे लोकांना सांगता सांगता ते थकले आणि तो कंटाळा लेकीलाही देऊन गेले.

खरं काय ते शाळेत एकट्या मीराबाईंना ठाऊक होतं. दोघी बरोबरच नोकरीला लागलेल्या. फ्लोराबाईंची आई सावंगीच्या दवाखान्यात होती, तेव्हा मीराबाई तिच्या उशाशी बसल्या. हिवाळ्यात हनुक्का या ज्यूंच्या आठ दिवसांच्या सणात रोज संध्याकाळी फ्लोराबाईंच्या घरी काचेच्या पेल्यांत पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात, असे दिवे लागत. तेल ओतायला मीराबाई पदर खोचून हजर. सख्ख्या बहिणीवर असावा तेवढा जीव होता, उगीच कमी कशाला सांगू?

यंदा टुमणं लावलं तेही मीराबाईंनीच. "काऊन लपवून राह्यली? रिटायर व्हाले आली तू. सांग ना लेकरांले, हा माझा सण हाये म्हणून. मी हावो ना तुयासंग!"

फ्लोराबाईंना पटलं. नोकरी संपण्याआधी एकदा तरी आपण जे आहोत ते म्हणून वर्गात उभं राहावं, एवढीच त्यांची हौस होती. दोघी मिळून विचारायला गेल्या, मुख्याध्यापक अच्युतसरांनी मान डोलावली. त्यांनी नीट ऐकलं होतं का, हे तेच जाणोत.

सहावीचा वर्ग रोज दिवेलागणीपर्यंत थांबू लागला. फार पूर्वी देवळात एक दिवस पुरेल एवढंच तेल उरलं होतं, ते आठ दिवस जळलं, ही गोष्ट बाईंनी रंगवून सांगितली. म्हणून पहिल्या दिवशी एक वात, दुसऱ्या दिवशी दोन.

"आठही आजच लावून टाका ना मॅडम," गोपाल म्हणाला. "रोज रोज बस चुकन."

आचल त्या दिव्यावर उदबत्ती पेटवायला गेली, तशा बाई ओरडल्या, "अवं नाई! या दिव्याकडून काम नाई घ्याचं. फक्त पाहाचं."

"म्हणजे दिव्याले सुट्टी!" पोरांना हे भारी आवडलं. हा सण कुणाचा, ते मात्र बाई आठव्या दिवशी सांगणार होत्या.

आठवा दिवस लांबच राहिला. आचलनं 'दिव्याले सुट्टी हाये' म्हणत घरी आजोबांना देवापुढच्या दिव्यावर उदबत्ती लावू दिली नाही. आजोबा म्हणजे किराणा दुकानवाले प्रभाकरराव, शाळा समितीचे सदस्य. सहाव्या दिवशी ते थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन उभे राहिले. "आमच्या लेकरांले कोणता धर्म शिकवून राह्यले तुमी?"

अच्युतसर खुर्चीतून उठले. त्यांनी दोन्ही बाईंना बोलावून हे काय चाललंय ते विचारलं. मीराबाईंचं नाव उपमुख्याध्यापिकेच्या जागेसाठी चाललं होतं, ते सरांच्याच हातात. मीराबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मले वाटलं नाताळाचं काही असन, सर. मले काय माहीत?"

फ्लोराबाईंनी मीराबाईंकडे पाहिलं. ज्या हातांनी तेल ओतलं, ते हात आता पदराशी चाळा करत होते.

"बस, नाताळच तो!" सर घाईनं म्हणाले. "बाई, तेवढं म्हणा अन् विषय संपवा."

"नाताळ नाई, सर," फ्लोराबाई म्हणाल्या. "हा माझा सण हाये. मी ज्यू हावो."

प्रभाकरराव बाईंकडे वळले. "तुमच्या घरचा सण? मंग हे पहिलेच सांगाचं ना, बाई! मले वाटलं, कोणी बाहेरचं येऊन लेकरांच्या डोक्यात काही भलतं भरवून राह्यलं. करा खुशाल. फक्त नातीले सांगा, आमच्या देवघरातल्या दिव्याले सुट्टी नसते." आणि हसत निघून गेले.

संपलं. ज्या भांडणाला भिऊन मैत्री विकली, ते भांडण झालंच नाही! प्रभाकरराव अंगावर धावून आले असते, तर मीराबाई घाबरल्या एवढं तरी म्हणता आलं असतं.

"झालं ना सगळं ठीक?" व्हरांड्यात मीराबाईंनी हात धरला. "मले वाटलं, उगीच विषय वाढू नाई."

फ्लोराबाईंनी हात सोडवून घेतला. "त्याईले माहीत नव्हतं म्हणून त्याईनं विचारलं, मीरा. तुले माहीत होतं."

त्याच संध्याकाळी सहावी वात लावताना त्यांनी पोरांना सगळं सांगून टाकलं. डोळे भरून आले, पण सांगितलं.

मार्चमध्ये त्यांचा पुरीम, गोडधोड वाटायचा सण, आला, तेव्हा प्रभाकररावांच्या घरी डबाभर पुरणपोळ्या गेल्या. अच्युतसरांनाही मिळाल्या. काल फ्लोराबाईंचा सण होता, हे मीराबाईंना दुसऱ्या दिवशी सरांकडून कळलं.