जावईबापूंच्या गाडीतला चमचा

माझ्या धाकट्या भावाला लोक कानसेन म्हणतात आणि तो ते मनावर घेतो. गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचं त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा, भिंतीवर वायरींची भेंडोळी आणि कोपऱ्यात एक खुर्ची. त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. तिचा पाय त्यानं स्वतः दुरुस्त केलाय.

कुणी कोरी करकरीत गाडी घेऊन आलं की हा आधी दारावर बोटानं टकटक करतो, डॉक्टर पाठीवर करतात तशी. मग तोंड वाकडं करून म्हणतो, "डबा आहे." मालकाचा चेहरा खर्रकन उतरतो. कंपनीनं दिलेल्या स्पीकरचा पडदा कागदाचा असतो म्हणे आणि दार आतून पोकळ. आवाज वाढवला की गाणं राहतं बाजूला, दारच खुळखुळतं. मग हा दाराचं आतलं आवरण काढतो, पत्र्याला जाडजूड काळं अस्तर चिकटवतो, कागदी स्पीकर काढून दणकट बसवतो, बारीक आवाजासाठी पुढच्या काचेपाशी दोन चिमुकले लावतो. शाळा माझी चौथीत सुटली, पण गाडीचं दार कसं सोलायचं ते मला विचारा.

सगळं बसलं की परीक्षा. बाकीचे कारागीर गाणी लावून बघतात. हा मला लावतो.

त्याचं असं झालं. सतरा वर्षांचा असताना यानं कुणाचा तरी मोडका टेपरेकॉर्डर आणला आणि दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी मी धाडकन दार लोटून आत गेले. "अरे, तिसऱ्यांदा पाणी तापवलंय! आंघोळ करतोस, की त्या खोक्यासकट बादलीत बुडवू तुला?" असं म्हणून हातातला चमचा भिरकावला. लागला नाही. भिंतीवर आपटून फरशीवर पडला आणि किती तरी वेळ किणकिणत राहिला. खोकं चालू होऊन सगळं टिपून घेत होतं, हे मला काय ठाऊक!

तेव्हापासून तीच त्याची कसोटी. दार आपटलं तो जाड आवाज, माझी ओरड हा मधला आणि चमचा बारीक. "ताई, तू पुढच्या काचेच्या बरोब्बर मधोमध उभी राहून ओरडतेयस असं वाटलं पाहिजे," तो म्हणतो. "डाव्या दारातून ओरडलीस की काम चुकलं." आणि चमच्याची शेवटची किण ऐकू आली की गाडी पास. कॅसेटची सीडी झाली, सीडीचा पेनड्राइव्ह झाला, चमचा तोच. एकदा रस्त्यात मी भाजीवालीशी भांडत होते, तर एक टायवाला अनोळखी माणूस थबकला. भावाचं गिऱ्हाईक असावं, आवाजावरून ओळखलं. हात जोडून म्हणाला, "आंघोळ करून आलोय हो."

तर गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या, म्हणजे याच्याच मुलीच्या, नवऱ्यानं गाडी घेतली. जावई गरीब स्वभावाचा, लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासऱ्याकडे पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता. तो आपण होऊन म्हणाला, "बाबा, कंपनीच्या आवाजात काही दम नाही. तुम्हीच बघा." भाऊ हवेत. तीन दिवस गाडीत मुक्काम. भावजय म्हणाली, "माझ्या मोरीतला नळ चार महिने गळतोय. त्याला चाकं लावू का, म्हणजे बघाल?"

गाडी गेली. आठवड्याभरानं भाची माझ्याकडे आली आणि दार लावून घेतलं.

"आत्या, यांच्या कानात कापूस असतो."

"सर्दी झालीय?"

"गाडी झालीय. गाणं लावलं की दातात सुई शिरते गं. गाणारी 'स' म्हणाली की हे ब्रेकच मारतात."

"मग बंद ठेवा की."

"बाबा रोज फोन करतात ना, कसं वाजतंय म्हणून! हे म्हणतात, झकास. कापूस दिसू नये म्हणून केस वाढवलेत यांनी. ऑफिसात लोक विचारतात, नाटकात काम करताय का?"

"तू सांग बाबाला."

"मी नाही बाई!" ती म्हणाली. सांगायचं मलाही जड होतं. कारण भाऊ नेहमी म्हणत आलाय, ज्या दिवशी चमचा ऐकू येणार नाही त्या दिवशी शटर खाली. आणि तो ते करेल. खुर्ची मोडकी बसवेल, पण शब्द मोडणार नाही. शटर खाली ओढून हा माणूस घरात बसला, की नळासारखा ठिबकत राहील.

रविवारी मी जावयाला गाडी घेऊन दुकानात यायला सांगितलं आणि भावाला म्हटलं, "सगळ्या शहरानं ऐकलं, मीच कधी गाडीत बसून माझं ओरडणं ऐकलं नाही. ऐकव बघू." त्याला कोण आनंद! मला पुढच्या सीटवर बसवलं, काचा वर केल्या. जावई बाहेर केस सावरत उभा.

दार धाडकन आपटलं. मी गाडीचं दार बघितलं, ते बंदच होतं. मग टेपमधली ती चोवीस वर्षांची पोरगी ओरडली. काय कडक आवाज! मी स्वतःच आंघोळीला उठणार होते. आणि मग चमचा पडला, तो थेट माझ्या मेंदूत. मी दोन्ही हातांनी कान गच्च दाबून धरले.

भाऊ मान तिरकी करून शांत बसला होता.

"आता येईल," तो म्हणाला.

"कोण?"

"चमचा."

"अरे, येऊन गेला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. कानांवरच्या हातांकडे पाहिलं. पुन्हा लावलं. मी पुन्हा कान दाबले.

"वाजला?"

"वाजला."

"शेवटची किण?"

"तीच तर चावतेय."

त्यानं आवाज बंद केला आणि स्टिअरिंग धरून बसून राहिला, जणू गाडी चालूच आहे. "मला वाटलं बारीक स्पीकर खराब निघाले," तो हळूच म्हणाला. "तीन जोड्या बदलल्या गं. आवाज वाढवत गेलो, वाढवत गेलो..." मग म्हणाला, "झालं, ताई. शटर खाली."

मला काही गोड बोलता येत नाही. आलं असतं तर ती टेप वेगळी निघाली असती. मी म्हटलं, "चाळीस वर्षं माझा घसा फुकट वापरलास. आता कान वापर."

"तू माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहेस!"

"हो, पण माझ्या कानाशी चाळीस वर्षं भोंगे नव्हते. एकटा तूच होतास."

तो हसला नाही, पण स्टिअरिंग सोडलं. "टोचतंय तोवर हात वर ठेव," म्हणाला. मी हात वर केला. तो बारीक आवाज एकेक घर खाली आणत गेला. अकरा वेळा मी त्याला बादलीत बुडवायची धमकी दिली. बाराव्या वेळी चमचा नुसता चमच्यासारखा पडला, आणि मी हात खाली घेतला.

जावयाला आत बसवलं. त्यानं कापूस काढला, ऐकलं आणि म्हणाला, "आत्या, अगदी मधोमध आहात तुम्ही!"

"हा कापूस कसला?" भावानं विचारलं.

"सर्दी, बाबा."

"एवढ्या उकाड्यात?" भाऊ म्हणाला, आणि तो कापूस त्यानं स्वतःच्या खिशात घातला.

शटर काही खाली आलं नाही. तो कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला, कानात घालायचं यंत्रही मिळालं. पहिल्याच दिवशी त्यानं ते उघडून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "कंपनीचं आहे. काही खरं नाही."

आता आठवड्यातून दोन दिवस मी दुकानात जाते. माझ्यासाठी त्या खुर्चीचा पाय त्यानं सुताराकडून करून घेतला. स्वतः हात लावला नाही, तेव्हा कळलं की माणूस मनापासून बोलावतोय. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "गाडीत या आजी कशाला बसल्यात?"

"त्या कंपनीकडूनच आल्यात," भाऊ म्हणाला. "बदलून मिळत नाहीत."

चमचा अजून टोचत होता. माझा हात वर होता.